पात्यावरचं मातीचं घर

धुळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी कूलर दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. कुठल्याही यंत्राला ते आधी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोसा देतात आणि मग विचारतात, "काय व्हई राह्यनं तुले?" गिऱ्हाइकाशीही त्यांचं बोलणं साधारण असंच.

मे महिन्यात आमचा कूलर सुरू करायला त्यांना बोलावलं. आईला ऊन सोसत नाही; दुपारभर ती डोक्यावर ओलं फडकं घेऊन बसायची. चाचांनी मागची जाळी काढली आणि ठोशासाठी उचललेला हात तसाच राहिला. पंख्याच्या पात्यावर कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं.

"खरवडून टाका," मी म्हणाले.

"बाळंतीण शे ना ताई आत."

मी घरातली पहिली पदवीधर, तीही प्राणिशास्त्राची. गप्प बसणं शक्यच नव्हतं. मी सांगितलं, ही माशी अंडं घालते, खायला अळ्या भरून ठेवते, तोंड लिंपते आणि निघून जाते. आत फक्त पिल्लं आहेत.

"मंग तर पंचाईतच शे," चाचा म्हणाले. "पोरं एकलीच शेतस, अन् मी पंखा फिरावू का?"

फडक्याखालून आई हसली. तिने माझी बाजू घेतली नाही.

थोड्या वेळाने लोटगाडी आली. चाचांनी स्वतःच्या घरचा कूलर आमच्या खिडकीत बसवून दिला. आता रोज संध्याकाळी तो नीट चालतो का, हे पाहायला म्हणून येतात आणि सरळ आमच्या बंद कूलरपाशी जातात.

"निंघनात का?" आई चहा ठेवता ठेवता विचारते.

"नही अक्का," चाचा हळूच सांगतात, "अजून झोपेल शेतस."