घुमटाखाली साडभाऊ

आमच्या साडभाऊंइतका, म्हणजे बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याइतका, छतांवर संशय घेणारा माणूस अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात झाला नसेल. कुणाच्याही घरी गेले की आधी काठीने छत ठोकायचे, कान देऊन आवाज ऐकायचे आणि मगच पाण्याचा पेला हातात घ्यायचे. आमच्या नव्या घराच्या पूजेला त्यांनी सगळ्या पाहुण्यांदेखत स्लॅब ठोकला आणि भटजींना पाटासकट बाजूला सरकवलं. थोरल्या मुलीसाठी सावली गावाला स्थळ पाहायला गेले, तिथे ठोकता ठोकता छपरावरच्या कवेलूचा तुकडा निसटून वरबापाच्या चहात पडला. "आताच समजलं, बरं झालं," साडभाऊ म्हणाले. स्थळ अर्थातच मोडलं.

खरं तर ठोकणं ही त्यांची नोकरीच होती. कोळशाच्या एका खाणीत ते छत तपासून टेकू लावायचे. एकदा छत ठोकलं, आवाज चांगला आला, "चाल रे" म्हणाले, आणि पुढे गेलेल्या त्यांच्या जोडीदारावर, नथ्थूवर, छत कोसळलं. तो जागीच गेला. दोष कुणीच दिला नाही. साडभाऊंनी मात्र नोकरी सोडली आणि पुन्हा कधी नथ्थूचं नाव काढलं नाही.

ऐंशीच्या दशकात शहरात घुमटाचं स्टेडियम उभं राहू लागलं. कबड्डीपासून नाटकापर्यंत सगळं एकाच छताखाली होणार होतं. साडभाऊ दर रविवारी तिथे हजर. मिस्त्रीला विचारायचे, "मधात खांब काऊन नाई? पडन ना!" मध्ये काम रखडलं, अर्धवट पायऱ्यांवर शेळ्या चरू लागल्या, तेव्हा घरात कुणी आजारी असल्यासारखे ते जेवणावरून उठायचे.

अखेर घुमट पुरा झाला. कबड्डीच्या पहिल्याच स्पर्धेत त्यांची धाकटी मुलगी मंदा गडचिरोलीच्या मुलींविरुद्ध खेळणार होती. साडभाऊ दारातच थबकले. काठी वर केली, खाली घेतली.

"काठी पुरत नाई, भाऊ," ते मला म्हणाले. चेहरा पांढरा पडला होता.

मंदा खेळाच्या कपड्यांतच धावत आली. "बाबा, मी अंदर खेळून राह्यली, अन् तुमी बाहीर?"

त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि माझा हात धरून आत आले. सामना त्यांनी पाहिलाच नाही. नजर सारखी वर. शेवटी लोक एकदम ओरडले, घुमट दणाणला, आणि साडभाऊंनी डोकं गुडघ्यांत घातलं. आवाज विरला. त्यांनी हळूच मान वर केली.

"कोन जितलं?"

"गडचिरोली."

मंदा रडत होती. तिला जवळ घेऊन ते बराच वेळ उभे राहिले, त्या भल्या मोठ्या छताच्या अगदी मधोमध.

एसटी स्टँडवर आमची गोंडपिपरीची गाडी लागली होती. साडभाऊ म्हणाले, "नथ्थू असाच खेळे. हारला का पोट्ट्यासारखा रडे."

मग ते सांगतच गेले. नथ्थू दुसऱ्यांचे डबे कसा खायचा, बेडकाला कसा भ्यायचा, खाणीत उतरताना मोठमोठ्याने कसा गायचा. मधेच ते हसलेही. कंडक्टरने दोनदा हाक मारली. मंदाने मानेनेच त्याला जायला सांगितलं, आणि आम्ही तिघं तिथेच बाकावर बसून राहिलो.