आनातिल्देचं अस्वल

भाकऱ्यांसाठी उकडलेला मका निम्मा दळून झाला होता, निम्मा घमेल्यात होता, आणि आनातिल्दे दारात येऊन उभी राहिली. पायात रबरी बूट, तोंडाचा रंग उडालेला.

"कोमाद्रे, ते दळण सोड. माझ्याबरोबर वर चल."

"आणि आरेपे कोण भाजणार? तुझा बाप?"

"बाप माझा स्वर्गात आहे, त्याला काय करायचेत आरेपे! चल गं."

तिच्या धाकटीला बाप्तिस्म्याच्या वेळी मी मांडीवर घेतलं, तेव्हापासून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. बहिणीला नाही म्हणता येतं, कोमाद्रेला नाही.

शहरातून डोंगर चढायला येणाऱ्या लोकांना पारामोवर, त्या ढगांतल्या ओल्या माळावर घेऊन जायचं, हे आनातिल्देचं काम. चालते खेचरासारखी, बोलते पोपटासारखी, आणि "मला माहीत नाही" हे वाक्य तिच्या तोंडून गावात कोणी ऐकलेलं नाही. पाखरू असो, गवत असो, तिच्याकडे नाव तयार. आठवलं तर खरं, नाही तर जागच्या जागी घडवलेलं. एका बाईंनी पिवळ्या रानफुलाचं नाव विचारलं तर ही म्हणाली, "विधवेचा उसासा." पुढच्या वर्षी दुसऱ्या वाटाड्याने तेच नाव मला आजोबांपासून चालत आलेलं म्हणून ऐकवलं. आता सगळं गाव तसंच म्हणतं. मीसुद्धा.

फुलाचं ठीक आहे. पण मागच्या आठवड्यात तिने पाहुण्यांना चिखलातलं एक पाऊल दाखवलं आणि ठणकावून सांगितलं, "अस्वल! डोळ्यांभोवती चष्मा असतो ना, तेच. नर आहे, दांडगा." पाहुणे खूश. बातमी त्यांच्या आधी गावात उतरली. आणि दोन दिवसांनी तिच्या थोरल्या भावाचं, मिसाएलचं, वासरू नाहीसं झालं.

"उद्या पहाटे बंदूक आणि कुत्री घेऊन निघतोय तो," आनातिल्दे म्हणाली.

"अस्वलाने वासरू खाल्लं असेल तर कोण अडवणार त्याला?"

ती आत येऊन चुलीपाशी टेकली. "मला ते अस्वल वाटलं नव्हतं गं. मला काहीच वाटलं नव्हतं. ते लोक विचारत होते आणि माझं तोंड उघडं होतं."

"मग कुत्री जाऊन रिकामी परत येतील."

"कुत्री काय पावलं वाचतात? जे असेल त्याला फाडतील. माझ्या जिभेमुळे."

मी मक्यावर ओलं फडकं टाकलं, कोनाड्यातल्या मरियामाउलीसमोर क्रुसाची खूण केली आणि लोकरीची रुआना अंगावर ओढली.

ओढ्याच्या वरच्या डबक्यापाशी पावलं होती. मी वाकून पाहिलं. "तीन बोटं आहेत."

"चार," आनातिल्दे दुसऱ्या पावलावर बोट ठेवून म्हणाली. "तुला मोजता येत नाही."

"रोज सात पोरांना वाढते मी! मला मोजता येत नाही?"

"म्हणूनच धाकटा उपाशी दिसतो."

असं आमचं जुंपलेलं असताना वेताच्या दाटीतून बारीक, लांब शिट्टी आली.

"पाखरू," आनातिल्दे लगेच म्हणाली. "मादी आहे. पिल्लाला बोलावतेय."

वेत हलला आणि पाखरू बाहेर आलं. गाढवाएवढं. अंगभर काळी लोकर, नाक पुढे लोंबणारं आणि वळवळणारं, आणि ओठ पांढरेशुभ्र, दूध पिऊन तोंड पुसायला विसरल्यासारखे. मागून त्याचं पिल्लू आलं, कलिंगडासारखे पट्टे घेऊन. मादी पुन्हा शिट्टीसारखी बोलली आणि पिल्लू तिच्या पोटाशी जाऊन चिकटलं.

"मादी आहे हे तेवढं बरोबर सांगितलंस," मी कुजबुजले.

तिने मला कोपर मारलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

ही दांता होती, शहरातले लोक जिला टॅपिर म्हणतात ती. माझे सासरे सांगायचे तिच्याबद्दल. त्यांच्या लहानपणीच ती इथून संपली, असं आम्ही सगळे समजून होतो. देवाने तिला कुठे झाकून ठेवलं होतं, त्याचं त्याला ठाऊक. आणि नेमकी आम्हाला दाखवली, दोन भांडखोर बायकांना.

पाणी पिऊन ती चिखलातून निघून गेली. ताजी पावलं आम्ही दोघींनी मोजली. पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला तीन. दोघींचंही खरं होतं. परतीच्या वाटेवर आनातिल्दे एक शब्द बोलली नाही. मला तर ती आजारी पडली असंच वाटलं.

मिसाएल अंगणात बसून बंदूक पुसत होता. ही त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मिसाएल, ते अस्वल नाही, दांता आहे. पिल्लू आहे तिच्याजवळ. मला माहीत नव्हतं, आणि मी सांगून मोकळी झाले. माझी चूक झाली."

मिसाएलच्या हातातलं तेलकट फडकं खाली पडलं. "कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं."

"मग अशी का बोलतेस? पुन्हा म्हण बघू."

"एकदाच म्हणणार होते. झालं म्हणून."

आतून त्याची बायको ओरडली, "अहो, मी ऐकलं! मी साक्षीदार आहे!"

"दांता वासरू खाते का?" मिसाएलने विचारलं.

"पाला खाते," मी म्हटलं.

"मग माझं वासरू कुठंय?"

सवयीने आम्ही सगळ्यांनी आनातिल्देकडे पाहिलं. तिने तोंड उघडलं. मिटलं. मग म्हणाली, "मला माहीत नाही."

मिसाएलने बंदूक उचलून खुंटीला टांगली. "हिला हे म्हणावं लागलं, म्हणजे दांता खरी असणार," तो म्हणाला आणि कुत्र्यांना बांधायला गेला.

वासरू संध्याकाळी सापडलं, कबरस्तानात. मिसाएलच्या सासूच्या थडग्यावरची सगळी फुलं त्याने फस्त केली होती. सासूबाई हयात असत्या तर ते वाचलं नसतं, असं मिसाएलच म्हणाला, बायको जवळ नाही हे बघून.

मका मी दिवे लागल्यावर दळला. आरेपे जरा आंबट झाले, पण कोणी तक्रार केली नाही, सगळे दांतेच्या ओठांबद्दलच विचारत होते.

गावातल्या बाकीच्यांना मात्र अजून अस्वलच हवं आहे, आणि कुत्री एकट्या मिसाएलकडेच नाहीत. तेव्हा त्या पावलांचे ठसे काढून रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायरीवर ठेवायचे, पुढचा एक आणि मागचा एक, ज्याला शंका असेल त्याने येऊन बोटं मोजावीत, असं आनातिल्देने ठरवलं आहे. उद्या सकाळी ती खाली एलादिओच्या दुकानातून त्या पावलांत ओतायचं प्लास्टर आणायला जाणार आहे.