गुण्याखालचा अंगठा

माझ्या मुलीची उंची मी सलग दोन वाढदिवस खोटी मोजली. हा कागद पुढे ओढेपर्यंत हे कुणालाही सांगितलं नव्हतं — बायकोलासुद्धा.

आणि मोजणं हाच माझा धंदा, बरं का. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी माल तपासतो. शाफ्ट केसाच्या जाडीएवढा चुकला, तरी नापास. कामगार पाठीमागे मला ‘रिजेक्ट अण्णा’ म्हणतात. मला कळतं. आवडतंही.

रेवती वर्गात सगळ्यांत बुटकी. शैला — माझी बायको — म्हणायची, डॉक्टरांना दाखवू. मी म्हणायचो, स्वल्प बुटकी आहे, एवढंच. आमच्या घराण्यात उंच आहे कोण? मीच देवळातली घंटा टाचा उचलून वाजवतो. शेवटी शैलानं अट घातली : सातव्या वाढदिवसापर्यंत पोर पाच सेंटिमीटर वाढली नाही, तर दवाखाना.

आमच्याकडे ओवाळून झालं, की पोर स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहते. मी कारखान्यातला गुण्या — काटकोनी पट्टी — तिच्या डोक्यावर टेकवतो आणि पेन्सिलीनं रेघ मारतो. त्या दिवशी गुण्या टेकवला आणि दिसलं — तीनच. मागे शैला तबक धरून उभी. मी काय केलं असेल? डोकं आणि गुण्या यांच्यामध्ये अंगठा सरकवला. आडवा, गुबगुबीत, दोन सेंटिमीटरचा. पास!

पुढच्या वर्षी अंगठ्यावर एक बोटही लागलं. पोर वाढत नव्हती, पण खोटं वयाप्रमाणे छान वाढत होतं.

का केलं? प्रेमापोटी म्हणालो, तर माझ्या तोंडावर थुंका. मला उत्तर ऐकायचं नव्हतं — बस.

नववा वाढदिवस यायच्या आधीच शाळेत सगळ्यांची उंची मोजली. रेवती मागच्या वर्षीच्या रेघेहूनही खाली भरली! मग दवाखाना आला, रक्ततपासणी आली. मुलींच्या पेशींत दोन एक्स गुणसूत्रं असतात; रेवतीच्या एकच. वाढीच्या हार्मोनचं इंजेक्शन रोज घ्यायचं, काही वर्षं. हाडांची वाढ थांबायच्या आत जितकं लवकर सुरू कराल तितकं बरं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दोन वर्षं आधी आला असता तर — आणि त्यांनी वाक्य तिथंच सोडलं.

मग चौकटीवरची रेघ? शैलानं विचारलंच. मी म्हणालो, मध्यंतरी नवी फरशी बसवली ना, माप हललं. फरशी वर आली तर रेघ उलट कमी भरायला हवी — पण मापाचा माणूस बोलला, तिनं मानलं. आणि दोष स्वतःकडे घेतला : मीच हट्ट धरायला हवा होता. पाच वर्षं ती हे म्हणतेय. पाच वर्षं मी शेजारी बसून इंजेक्शनच्या पेनाची सुई बदलतोय — गप्प. अंगठ्यापेक्षा हे वाईट. कळतं मला.

माझी अक्का म्हणते, इंजेक्शनांचं बाहेर बोलू नका, पोरीचं लग्न व्हायचंय. मी बोलतो. आमच्या जे. पी. नगरच्या बसस्टॉपवर कुणी विचारलं, तरी सांगतो. लपवण्यासारखं आमच्या घरात एकच माणूस आहे, आणि त्याची दाढी मी रोज सकाळी करतो. तुम्हाला नावं ठेवायची तर ठेवा. माफीबिफी मागत नाही.

काल हे सगळं जेवणाच्या टेबलाशी दोघींना वाचून दाखवलं. शैला उठली, चौकटीपाशी गेली, रेघेवर बोट ठेवून उभी राहिली. अजून माझ्याशी बोललेली नाही.

रेवती आता चौदाची. इंजेक्शन स्वतःच घेते. मांडीवर कापूस दाबत म्हणाली, “अंगठा मला तेव्हाच लागला होता, अप्पा. मला वाटलं, तुम्हाला मोजताच येत नाही.”