वेल्ह्याच्या देवळात कॅनडाच्या कादंबरीची समाप्ती

भोरहून वेल्ह्याला मी आजवर अनेकदा गेलो, पण नेहमी प्रवचनासाठी, पोथी घेऊन. या खेपेस पिशवीत कॅनडातल्या एका लेखिकेची अनुवादित कादंबरी होती. वेल्ह्याच्या शाळेत शिकवणाऱ्या सुनंदाताई तिथल्या देवळात कॅनडाच्या पुस्तकांचे सामुदायिक वाचन चालवतात. त्यांनी निरोप धाडला होता, "समाप्तीला या, गुरुजी. एक निर्णय तुमच्यावाचून अडला आहे."

कादंबरीच्या समाप्तीला माझे काय काम, ते कळेना. पुस्तक वाचले आणि अधिकच गोंधळलो. मंगलाचरण नाही, फलश्रुती नाही. एका थंड मुलखातला शेतकरी गोठलेल्या तळ्यावरून चालत पलीकडच्या गावी मीठ आणायला जातो. पुढे बर्फ वितळते, तळ्याला पाणी दिसू लागते, बायको काठावर येऊन उभी राहते, आणि पुस्तक संपते. तो परतला की बुडाला, हे कुठेच लिहिलेले नाही. मला आधी वाटले, मागची पाने गळाली असावीत.

जाणाऱ्यांच्या सोयीसाठी सांगतो. भोरहून सकाळची एसटी धरून कापूरव्होळमार्गे नसरापूरच्या फाट्यावर उतरावे. तिथून वेल्ह्याची गाडी मिळते. न मिळाल्यास वडापची जीप असते, मात्र भाडे बसण्यापूर्वी विचारून घ्यावे. माझ्या वयाला एसटी फुकट, म्हणून मी एसटीचीच वाट पाहिली. भातकापणी उरकली होती. मार्गासनी, विंझर मागे पडले तरी धुके उठले नव्हते आणि तोरणा दिसतच नव्हता.

देवळात शिरलो आणि थबकलो. चौरंगावर तांबडे वस्त्र, त्यावर ती कादंबरी, तिला हळदकुंकू, बाजूला समई. सुनंदाताई म्हणाल्या की पोथीसारखे वाचायचे ठरले तरच बायका बसायला तयार झाल्या. एकीने वाचायचे, दुसरीने अर्थ सांगायचा. याला विटाळ म्हणावे की भक्ती, मला ठरवता येईना. मी सवयीने नमस्कार केला.

आधी आजवर वाचलेल्या पुस्तकांविषयी एकेकाने मनोगत सांगितले. एका बाईंना नवल वाटत होते की आख्ख्या गोष्टीत आजारी माणसाला बघायला सोयरेधायरे कसे येत नाहीत. तात्या नावाचे वृद्ध शेतकरी म्हणाले, "तिकडं माणसापरीस बर्फच लई बोलतो. माणसं आपली गप." सगळे हसले.

मग अडचण समोर आली. या भागात मरणापाशी वाचन थांबवत नाहीत. जन्म किंवा लग्न येईपर्यंत पुढे रेटतात. तो शेतकरी बुडाला असेल, तर इथे समाप्ती होत नाही आणि प्रसादाचा शिरा वाटता येत नाही. अर्धे म्हणत बुडाला, अर्धे म्हणत पलीकडेच राहिला.

वाचणाऱ्या होत्या हौसाबाई. त्यांच्याविषयी सुनंदाताईंनी मला दारातच हळू आवाजात सांगितले होते. त्यांचे यजमान ट्रक घेऊन उत्तरेकडे गेले, ते आलेच नाहीत. आता बारा वर्षे झाली म्हणून सासरचे दर्भाची प्रतिमा करून अंत्यविधी उरकायला सांगत आहेत. हौसाबाईंच्या कपाळावर कुंकू होते, आणि त्यांचे दीर खांबाला टेकून बसले होते.

"तळं वितळलं, वैनी," दीर म्हणाले. "आता कुठनं येनार त्यो?"

हौसाबाई माझ्याकडे वळल्या. "गुरुजी, लिवनारीनं त्यो मेला आसं लिवलं न्हाई. मग आपुन कोन लिवनार?"

बारा वर्षांचा तो विधी मी स्वतः अनेकांकडून करवून घेतला आहे. संशयालाही शास्त्राने सीमा घातली आहे. पण माझ्या मुखातून पुस्तकाविषयी जे निघेल, ते पुस्तकाविषयी राहणार नव्हते. मी म्हणालो, "कर्तीने जे सांगितले नाही, ते सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु शेवटचा अध्याय झाला की पहिल्याचा आरंभ वाचूनच पोथी मिटायची, असा नियम आहे. पहिले पान काढा."

पहिल्या पानावर तो शेतकरी लाकडे फोडत असतो आणि कुऱ्हाड बोथट झाली म्हणून बायकोवर विनाकारण खेकसत असतो. हौसाबाई ते वाचताना हसल्या. नियमापुरत्या चार ओळी कधीच संपल्या होत्या. त्यांना कोणी थांबवले नाही. शिरा निवला, मग वाटला.

स्टँडपर्यंत पोचवायला दीर आले. रागात नव्हते. वाटेत त्यांनी विचारले, "मग विधीचं काय, गुरुजी?"

"वहिनींना विचारा," मी म्हणालो.

"शास्तर त्यांना इचारायचं व्हय?"

तेवढ्यात गाडी लागली आणि मी चढलो.

घरी येऊन बरेच दिवस झाले. मी त्या बाईंना आधार दिला की त्यांचे थांबणे लांबवले, हे जपाला बसलो तरी सुटत नाही. सुनंदाताईंचा पुन्हा निरोप आला आहे. देवळात नवे पुस्तक लागलेच नाही. हौसाबाई पहिल्या पानावरून पुढे वाचत राहिल्या आहेत, सध्या तळे गोठते आहे. दिरांनीही विधीसाठी दिवस विचारला आहे. मी अजून पंचांग उघडलेले नाही.