मधल्या दोन ओळी

शोभावहिनींचा फोन आला तेव्हा संध्याकाळचे पाच वाजत आले होते आणि मी मुलांच्या प्रॅक्टिकलच्या वह्यांवर सह्या ठोकत बसलो होतो. "भाऊ, हे उठत नहीत," एवढंच त्या म्हणाल्या. आईची तब्येत बघायला त्या दोन दिवस माहेरी गेल्या होत्या, साक्रीच्या पलीकडे डोंगरातल्या गावी. दुपारच्या एसटीने धुळ्यात, देवपूरला परतल्या तर दार नुसतं लोटलेलं, संगणक चालू, आणि दिगंबर खुर्चीशेजारी फरशीवर... मी जळगावहून निघालो. पारोळा कधी गेलं, धुळे कधी आलं, काही आठवत नाही. पोचलो तोवर गल्लीतल्या लोकांनी त्याला पलंगावर नीट ठेवलं होतं आणि कुणीतरी संगणकाची वायर ओढून काढली होती. त्याचा मला त्या क्षणी भयंकर राग आला. चालू संगणकाची वायर ओढलेली दिगंबरला कधीच खपली नसती.

त्याला जाऊन आता दीड महिना होईल. दिगंबर काय काम करायचा हे त्याच्या गल्लीत विचारलं तर कुणाला धड सांगता येणार नाही. आम्ही देवपूरच्या कॉलेजात एका बाकावर होतो. मी पुढे जळगावात पॉलिटेक्निकला मास्तर झालो, तो पुण्याला गेला, आईच्या आजारपणात परत आला आणि आई गेल्यावरही इथेच राहिला. पुण्यातली एक छोटी कंपनी त्याला घरबसल्या काम देत होती. गल्लीचा मात्र पक्का समज, की हा माणूस बेकार आहे आणि बायकोच्या शिवणकामावर जगतो. त्याने तो कधी खोडला नाही. "तू नेमकं करस तरी काय रे?" असं त्याच्या मामाने एकदा माझ्यासमोर विचारलं, तेव्हा हा ताटातल्या बट्टीवरून नजर न काढता म्हणाला, "मामा, मी निरोप्या शे." मग मामाने, याला पोस्टात तरी चिकटवून दे, असा वर्षभर माझ्यामागे लकडा लावला.

तसं तो खोटं बोलला नव्हता. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा सगळ्यात आतला भाग म्हणजे कर्नल. कुठलीही फाइल उघडली, लिहिली, पुसली, की ते आधी कर्नलला कळतं. बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामला ही खबर हवी असते, म्हणून कर्नल त्याच्यासाठी एकेक निरोप रांगेत लावून ठेवतो आणि तो प्रोग्राम आपल्या सवडीने ते उचलतो. पंचाईत होते ती रांग तुंबली की. निरोप येतात हजारोंनी आणि उचलणारा एकटा. जागा संपली की कर्नल शेवटी एकच निरोप लावतो, की यापुढचे निरोप हरवले, आता तूच जाऊन बघ. ही रांग सांभाळणं हे दिगंबरचं काम होतं आणि तो शेवटचा निरोप त्याचा फार लाडका. "बठ्ठा कर्नलमा येवढंच खरं बोलनं शे," तो म्हणायचा. "चुकनू, म्हनी सांगी देस." चुकलो म्हणून सरळ सांगून टाकणं आपल्याकडे माणसांना जमत नाही, असं त्याला म्हणायचं असावं. पण इतकं लांबलचक तो कधी बोलायचा नाही.

रांग तुंबू नये म्हणून एक साधा उपाय असतो. लागोपाठ दोन अगदी सारखे निरोप आले, तर दुसरा टाकून द्यायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्याच्या हाताखाली काम करायला जात असे आणि मला अक्कल पाजळायची हौस. मी म्हटलं, लागोपाठच कशाला? रांगेत कुठेही तसाच निरोप असला तर नवा टाकून देऊ. तो दुसऱ्या कामात गुंतला होता, मी ते परस्पर घुसडलं आणि रांग खरोखरच निम्मी झाली. दोन दिवस कॉलर ताठ करून फिरलो. मग एका शाळेतून ओरड आली, की निकालाच्या फाइली बॅकअपमधून गायब आहेत. झालं असं होतं, की शाळेच्या प्रोग्रामने फाइल लिहिली, मग पुसली आणि पुन्हा नव्याने लिहिली. तिसरा निरोप पहिल्यासारखाच दिसला म्हणून माझ्या शहाणपणाने तो फेकून दिला. उरलं काय, तर लिहिली आणि पुसली. बॅकअपनेही इमानेइतबारे फाइल पुसून टाकली. दिगंबर स्वतः शाळेत गेला, चूक आपल्या अंगावर घेतली आणि चार दिवस तिथे बसून निकाल पुन्हा भरून दिले. मला फक्त म्हणाला, "मास्तर, सारखा दिसस म्हनीसन तोच ऱ्हास असं नही. मधमा काय व्हयनं ते देख." सारखा दिसतो म्हणून तोच असतो असं नाही, मधे काय झालं ते बघायचं. मी मान खाली घातली. पण मान खाली घालणं म्हणजे शिकणं नव्हे.

फोनवर बोलणं त्याला अजिबात जमायचं नाही. फोनला पैसे पडायचे त्या काळात आमची एक पद्धत ठरली होती. काम पाठवलं की त्याने मिस्ड कॉल द्यायचा, दोन रिंगा आणि कट. म्हणजे, मेल टाकली आहे, सवडीने बघ. पुढे फोन फुकटात पडू लागले तरी पद्धत तीच राहिली. त्याचं नाव दिसलं की मी फोन उचलत नसे. चुकून उचललाच तर तो चिडायचा, "कसाले उचलस?" म्हणायचा. पंधरा-सोळा वर्षं हे असं बिनबोभाट चाललं.

त्या दिवशी सकाळपासून प्रॅक्टिकलची परीक्षा होती. फोन आवाज बंद करून कपाटात ठेवला होता. साडेअकराला चहाच्या वेळी काढून बघितला तर दिगंबरचं नाव आणि पुढे कंसात पाच. एकाच माणसाचे लागोपाठचे फोन माझा मोबाइलही एका ओळीत गुंडाळून ठेवतो. मी मनात म्हटलं, आज गडी जोरात आहे, पाच मेल टाकल्यात. संध्याकाळी बघू. आणि फोन पुन्हा कपाटात टाकला, तो परीक्षा संपल्यावरच काढला. त्या ओळीवर नुसतं बोट ठेवलं असतं तरी दिसलं असतं, की एकही फोन दोन रिंगांत कापलेला नव्हता. पाचही शेवटपर्यंत वाजले होते... माझा मेहुणा दिगंबरच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतो आणि त्याच्या दारात गाडी असते. दिगंबरकडे त्याचा नंबर नव्हता, माझ्याकडे होता. डॉक्टर म्हणाले, छातीत कळ आल्यावर हा माणूस तास-दीड तास तरी जिवंत असावा. त्याने ॲम्ब्युलन्स का बोलावली नाही, असं लोक विचारतात. आपल्याकडे माणूस आधी आपल्या माणसाला फोन लावतो.

तेरावं झाल्यावर वहिनींनी त्याचा मोबाइल माझ्या हातात दिला. आत त्याच्या आईचे फोटो होते, ते त्यांना हवे होते, आणि कुलूप उघडत नव्हतं. मला त्याचा आकडा माहीत होता. पण फोटोंच्या आधी मी कॉलची यादी उघडली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! वहिनी आत चहा ठेवत होत्या. यादीत माझे पाच फोन होतेच, पण इथे ते एका ओळीत नव्हते. आधी दोन मला. मग शोभा. मग मला. पुन्हा शोभा. मग पुन्हा दोन मला. वहिनींच्या माहेरी डोंगरात रेंज नसते, त्यांच्या फोनवर काही आलंच नव्हतं. गेले तेरा दिवस त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, की यांना काही कळलंसुद्धा नसेल, बसल्या जागी गेले.

ती यादी पूर्ण पुसायला एक क्षण पुरला असता, आणि तो मोह मला झाला हे लपवत नाही. माझे फोन मी तसेच ठेवले. वहिनींच्या दोन ओळी तेवढ्या पुसल्या. वाटलं, हे ओझं त्या बाईच्या डोक्यावर नको. त्या दोन ओळी जाताच माझ्या ओळी एकमेकींना चिकटल्या आणि एकच ओळ झाली, कंसात पाच. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

वहिनी चहा घेऊन आल्या. मी सगळं सांगितलं, त्याने मला पाच फोन केले, मी एकही घेतला नाही. त्या मला वाट्टेल ते बोलतील, दार दाखवतील, सगळ्याची तयारी होती. त्यांनी मोबाइल घेतला आणि ती ओळ बराच वेळ बघितली. "तुमले पाच," त्या म्हणाल्या. "आन् माले एक बी नही?"

मी म्हणालो, "नाही."

त्यानंतर मी देवपूरकडे फिरकलो नाही. मेहुण्याकडून कळायचं, की वहिनींनी शिवणाचं मशीन झाकून ठेवलंय, कुणाशी बोलत नाहीत. शेजारणीला एकदा म्हणाल्या, वीस वर्षं संसार केला आणि शेवटच्या घटकेला त्या माणसाला माझी आठवण झाली नाही. ते ऐकलं तेव्हा माझं मला कळलं, मी त्यांचं काय केलं ते. मधलं मी पुसलं होतं. उरलेलं त्यांनी वाचलं आणि कुणीही लावला असता तोच अर्थ लावला. मग हा लेख लिहायला घेतला.

गेल्या रविवारी, छापायला देण्याआधी, देवपूरला जाऊन मी तो वहिनींना वाचून दाखवला. पुसलेल्या ओळींपाशी आलो तेव्हा मी कागद खाली ठेवला. "वाचा ना," त्या म्हणाल्या. मी वाचलं. तेवढा भाग त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. मग विचारलं, "कितला वाजता?" दोन्ही वेळा मला पाठ होत्या, मी सांगितल्या. पहिल्या वेळी आपण आईची वेणी घालत होतो आणि दुसऱ्या वेळी अंगणात दाणे निवडत होतो, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. मला त्यांनी माफ केलं नाही. चहा विचारला नाही, दारापर्यंत आल्याही नाहीत. मी चपला घालत असताना आतून फक्त आवाज आला, "छापा. आन् येळ बी लिखा."

म्हणून लिहितो. एकदा दहा वाजून पन्नास मिनिटांनी आणि एकदा अकरा वाजून दहा मिनिटांनी, दिगंबरने शोभावहिनींना फोन लावला होता.