वाणात गेलेलं हिरवं ताट

चीनच्या भट्टीतून निघालेलं आमचं हिरवं ताट मानवतला लेकीच्या सासरी भजी ठेवायच्या कामी लागलं, याचं संपूर्ण श्रेय माझं आहे.

असल्या हिरव्या झिलईच्या भांड्यांना संग्राहक सेलॅडॉन म्हणतात. शेकडो वर्षांपूर्वी ती जहाजांनी दख्खनेत आली. अन्नात विष असलं तर ताट तडकतं, अशी नवाब-सरदारांची श्रद्धा. त्यांचा सोयऱ्यांवर भरवसा कमी, म्हणून ताटांना मागणी फार. आमच्या खापरपणजोबांना कारकुनीबद्दल एका जहागीरदारानं असंच एक ताट बक्षीस दिलं. आईच्या मागं ते सोनपेठला माझ्या थोरल्या बहिणीकडं, आक्काकडं गेलं; ती त्यावर पापड वाळत घालायची.

मी एका जाणकाराला ताटाचा फोटो दाखवला आणि मग आक्काला म्हणालो, "साधं चिनी मातीचं आहे. आठवण म्हणून दे मला." तिनं ते पुसून दिलं, वर शेवयांची पिशवी दिली. जाणकार काय म्हणाला ते सांगायचं राहून गेलं. प्रामाणिक माणसाकडूनही एवढं राहतंच.

गिऱ्हाईक मिळेपर्यंत बोभाटा नको, म्हणून बायकोलाही "साधं आहे" हेच सांगितलं आणि ताट परभणीच्या घरी स्टीलच्या ताटांमागं ठेवलं.

धोंड्याचा महिना आला. लेक-जावई जेवायला आले, आक्काही आली. जावयाला अनारशांचं वाण द्यायचं, आणि वाण भांड्यासकट जातं. बायकोनं हिरवं ताट पुढं केलं.

"अगं, हे कशाला?" मी कुजबुजलो.

"तांब्याचं ताट आणा म्हणून आठ दिवस सांगायलेय. आणलंत? तुमीच म्हणलात ना, साधं आहे."

वाणाचं भांडं परत मागणारा सासरा मराठवाड्यात अजून जन्माला यायचाय. पहिला मान घ्यावा असं क्षणभर वाटलं. तेवढ्यात आक्कानं डोळे पुसले.

"लय चांगलं केलंस रे. आईची वस्तू पोरीकडंच जायला पाहिजे. मला वाटलं, तू इकायलास की काय."

"छे गं, आक्का," मी म्हणालो. ताट माझ्या अगदी गुडघ्याशी होतं. केसाएवढाही तडा गेला नाही.

आता मानवतला गेलो की ताट लवकर रिकामं होऊन सुखरूप फडताळात जावं म्हणून मी भराभर भजी संपवतो. लेक सासूबाईंना कौतुकानं सांगते, बाबांना भजी लय आवडतात. मग त्या आणखी वाढतात.