चढावर उतरणारे कंपाउंडर

मुलांनो, साठच्या दशकात शारजाच्या पूर्वेच्या डोंगरांत आमचे रत्नागिरीचे कंपाउंडर सायकलवरून औषधं पोचवत. चढ आला की उतरायचे. म्हणायचे, "भाभी, चढावर बसणं म्हणजे सायकलीवर जुलूम."

एकदा तुमची आई लहान असताना तापानं फणफणली; तिला कॅरियरवर बसवून आम्ही कोरड्या नदीपात्रातून दवाखान्याकडे निघालो. कंपाउंडर एकदम थांबले, कानोसा घेतला, सायकल टाकून पोरीला उचललं.

"यल्ला, चला भाभी, वर चढा!"

"अहो, आभाळ निरभ्र आहे!"

"पाऊस तिकडं डोंगरात पडलाय. चढा!"

आम्ही कड्यावर पोचतो तोच तांबडा लोंढा आला. सायकल गेली. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. पोरीच्या कपाळाला हात लावून ते घाबरले, "भाभी, ताप फार चढला!"

मी पाहिलं. ताप तेवढाच होता. त्यांचाच हात बर्फासारखा गार पडला होता.